खातेपानापासून डेटाबेसपर्यंत

सोलापूरच्या चाटी गल्लीत किंवा मंगळवार पेठेत आज संगणक नसलेली पेढी शोधावी लागेल. बिल, ई-वे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, ताळेबंद ही सारी कामे तयार प्रणालीवर होतात. तरीही गल्ल्याशेजारी एक जाडजूड डायरी असते. कोणत्या यंत्रमागधारकाला किती सूत दिले, त्यातून किती डझन टॉवेल विणून आले, किती माल रंगाईसाठी गेला आहे, कोणत्या गावच्या व्यापाऱ्याला कोणती किनार चालत नाही, हे सारे त्या डायरीत असते. डायरीत नसेल तर मालकांच्या किंवा जुन्या मुनीमजींच्या डोक्यात असते. तयार प्रणाली हजारो दुकानांसाठी केलेली असते. आपल्या एका पेढीची रीत तिला ठाऊक नसते.

ही डायरी संगणकावर आणायची म्हणजे आपल्या पेढीपुरती एक लहानशी डेटाबेस प्रणाली तयार करायची. हे काम बाहेरच्या माणसाकडे सोपवावे, की घरातल्याच कोणी शिकून घ्यावे? शिकण्याचा विषय निघाला की ‘आपल्याला प्रोग्रामिंग कुठले जमणार’ असे अनेक जण म्हणतात. परंतु ज्या घरात रोजमेळ आणि खतावणी लिहिली गेली, त्या घराला या विद्येचा मोठा भाग आधीच अवगत आहे. उरलेला भाग धीराने शिकता येतो.

गरजेतून लागलेले शोध

या विद्येचा इतिहासही गरजवंतांनीच घडवला आहे. एडगर कॉड या आयबीएममधील गणितज्ञाने १९७० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांचा परस्परसंबंध समान मूल्यांनी जोडावा, हा त्याचा गाभा होता. आजचे बहुतेक हिशेबी डेटाबेस याच पायावर उभे आहेत. हा विचार घरगुती संगणकावर आणण्यात वेन रॅटलिफ यांचा वाटा मोठा. अमेरिकेच्या अवकाश संशोधनाशी संबंधित प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या उपयोगासाठी एक प्रणाली लिहिली. कारण अगदी साधे होते : फुटबॉल सामन्यांचे अंदाज बांधताना त्यांना आकड्यांची नोंद ठेवायची होती. पुढे हीच प्रणाली ‘डीबेस’ या नावाने जगभर विकली गेली.

व्यापारी कुटुंबांना अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण बंगळूरचे आहे. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना व इतर कारखान्यांना यंत्रांचे भाग आणि कच्चा माल पुरवीत. आपल्या व्यवसायाचे हिशेब नीट ठेवील अशी प्रणाली त्यांना मिळेना. तेव्हा त्यांनी गणित शिकलेले आपले चिरंजीव भरत यांनाच ती लिहिण्यास सांगितले. १९८६ मध्ये त्यातून जो उद्योग सुरू झाला, तो आज टॅली या नावाने ओळखला जातो. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. प्रत्येक घरातून टॅली निघणार नाही, आणि निघण्याची गरजही नाही. वडिलांची अडचण मुलाने समजून घेतली आणि तेथूनच प्रणालीची आखणी सुरू झाली, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

खातेपान म्हणजेच ‘की’

नवशिक्याची पहिली चूक बहुधा ठरलेली असते. तो एक्सेलसारखा एकच लांबरुंद तक्ता करतो आणि प्रत्येक बिलाच्या ओळीत पार्टीचे नाव, पत्ता, फोन, माल, दर, रक्कम हे सारे पुन्हा पुन्हा लिहितो. महिन्याभरात एकाच पार्टीचे नाव तीन प्रकारे लिहिले जाते : एकदा पूर्ण, एकदा आद्याक्षरांनी, एकदा गावाच्या नावासह. समजा, त्या पार्टीची उधारीची मर्यादा १ लाख रुपये आहे आणि या तीन नावांखाली अनुक्रमे ७०, ६० आणि ५० हजार येणे आहे. यादीत एकही नाव मर्यादेबाहेर दिसणार नाही. प्रत्यक्षात मात्र १ लाख ८० हजारांची उधारी झालेली असेल, आणि माल जातच राहील.

जुन्या वहीत ही चूक होत नसे. रोजमेळातल्या नोंदीशेजारी खातेपानाचा क्रमांक लिहिण्याची पद्धत होती. पार्टीचा पत्ता आणि तपशील खतावणीत एकाच पानावर असे. इतर सर्व नोंदी त्या पानाकडे केवळ क्रमांकाने बोट दाखवीत. डेटाबेसमध्ये ज्याला ‘की’ म्हणतात ती हीच. पार्टीच्या तक्त्यात प्रत्येक पार्टीला एक क्रमांक असतो, आणि बिलाच्या तक्त्यात नावाऐवजी तो क्रमांक जातो. नाव एकाच ठिकाणी लिहिलेले असल्याने ते दुरुस्तही एकाच ठिकाणी करावे लागते.

टॉवेल-चादरीच्या पेढीला आरंभी चार तक्ते पुरतात. पहिला पार्ट्यांचा, दुसरा मालाचा आणि तिसरा बिलांचा : क्रमांक, तारीख, पार्टी. चौथा तक्ता बिलातील ओळींचा : कोणत्या बिलात कोणता माल, किती नग, कोणत्या दराने. एका बिलात तीन वस्तू असोत की तीस, बिलाची नोंद एकच राहते. ओळी तेवढ्या वाढतात. हे चार तक्ते कागदावर पेन्सिलीने आखून त्यांत गेल्या आठवड्यातील वीस खरी बिले भरून पाहावीत. जी माहिती कोठेच बसत नाही किंवा दोन ठिकाणी लिहावी लागते, तेथे आखणी चुकली आहे असे समजावे. संगणक सुरू करण्याची घाई त्यानंतर.

काय साठवावे, काय मोजावे

यानंतरचा धडा अधिक सूक्ष्म आहे. पार्टीची बाकी तक्त्यात लिहून ठेवू नये. बिले आणि जमा यांच्या नोंदींवरून ती हवी तेव्हा काढावी. लिहून ठेवलेली बाकी आणि नोंदींवरून निघणारी बाकी यांत कधी ना कधी फरक पडतो, आणि मग खरी कोणती हा वाद सुरू होतो.

दराच्या बाबतीत मात्र उलट नियम आहे. मालाच्या तक्त्यात आजचा दर असतो. परंतु विक्रीच्या दिवशीचा दर आणि कराचा टक्का बिलाच्या ओळीतही लिहून ठेवावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर बदलले. ज्या प्रणालीत कराचा टक्का केवळ मालाच्या तक्त्यात असेल, तिच्यात तो बदलताच ऑगस्टचे जुने बिल नव्या दराने छापले जाईल. व्यवहार ज्या दराने झाला तो दर त्या व्यवहाराचाच भाग आहे.

रुपये-पैशांसाठी कोणता प्रकार निवडावा, हाही प्रश्न येतो. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो, आणि ०.१० सारखी साधी संख्याही त्या पद्धतीत तंतोतंत बसत नाही. त्यामुळे हजारो ओळींच्या बेरजेत एखाद्या पैशाचा फरक येतो आणि तेरीज जुळत नाही. यासाठी बहुतेक प्रणालींत चलनाचा किंवा निश्चित दशांशाचा वेगळा प्रकार असतो. रकमेच्या रकान्याला पहिल्या दिवसापासून तोच प्रकार द्यावा.

तिसरी काळजी वीज जाण्याची. बिलाची नोंद झाली, पण ओळी भरण्यापूर्वी वीज गेली, तर अर्धवट बिल मागे राहते. ‘ट्रान्झॅक्शन’ नावाची सोय याच कारणासाठी आहे. एका व्यवहाराच्या सर्व नोंदी एकत्र बांधल्या जातात : लागल्या तर साऱ्या लागतात, नाहीतर एकही लागत नाही. नावे आणि जमा या दोन्ही बाजू एकदम पूर्ण झाल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे न मानणाऱ्या द्विनोंदी पद्धतीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न विचारण्याची भाषा

तक्ते भरले की त्यांना प्रश्न विचारता आले पाहिजेत. त्यासाठी एसक्यूएल ही भाषा आहे. तिचा पहिला आराखडा आयबीएममधील चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडला. तिची रचना बोलण्यासारखी आहे : काय हवे, कोणत्या तक्त्यातून, कोणत्या अटीवर, कोणत्या क्रमाने. या चार भागांवर हात बसला की बरेच काम साधते.

व्यापाऱ्याला याचा रोकडा उपयोग आहे. सूक्ष्म व लघु उत्पादक म्हणून नोंदणी असलेल्या यंत्रमागधारकाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत पण अधिकाधिक ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेली अशी रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षी धरली जाते. हा आयकराचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ‘येत्या दहा दिवसांत कोणाकोणाची मुदत संपते?’ हा प्रश्न डायरीला विचारला तर एक दुपार जाते. तक्ते नीट असतील तर उत्तर तत्काळ मिळते, आणि विणणाऱ्याच्या हाती त्याचे पैसे वेळेवर पडतात.

साधन कोणते, आणि कोणाच्या हाती

विंडोजवर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हे १९९२ पासूनचे रुळलेले साधन आहे. तक्ते, नोंदीचे फॉर्म आणि छापील अहवाल एकाच ठिकाणी मिळत असल्याने नवशिक्याला ते सोयीचे पडते. विनामूल्य हवे असेल तर लिबरऑफिसमधील बेस आहे. मराठी नावे युनिकोडमध्येच टंकित करावीत. जुन्या फाँटमधील अक्षरे दुसऱ्या संगणकावर ओळखू येत नाहीत, आणि अकारविल्हे यादीही लागत नाही.

साधनापेक्षा गंभीर प्रश्न आहे तो अवलंबित्वाचा. नव्वदच्या दशकात गावोगावच्या पेढ्यांना फॉक्सप्रोमध्ये प्रणाली लिहून मिळाल्या. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रो आपल्याकडे घेतले. त्याची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली, आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही थांबला. डॉसच्या काळातील प्रणाली आजच्या ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. अशा प्रणालीचा कर्ता गाव सोडून गेला असेल, तर पंचवीस वर्षांची उधारी-वसुली डोळ्यांसमोर असूनही वाचता येत नाही. यात एक दिलासा आहे : त्या काळच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात. घरातल्या एकाला तक्ते म्हणजे काय हे कळत असेल, तर तो जुने धन बाहेर काढू शकतो. कोणालाच कळत नसेल, तर संगणकाबरोबर तेही भंगारात जाते.

म्हणून शिकणारा घरातला असावा. तो वाणिज्य शाखेत शिकणारा मुलगा असेल, लेखापालनाची पदवी घेऊन आलेली सून असेल, किंवा पन्नाशीचे मालक स्वतःच असतील. महाराष्ट्रात २००१ पासून चालू असलेल्या एमएस-सीआयटीपर्यंत शिक्षण झालेल्याला संगणकाची भीती उरलेली नसते. पुढचा टप्पा एवढाच असतो. रोज एक तास दिला तर तीन-चार महिन्यांत पहिली उपयोगी प्रणाली उभी राहू शकते.

शिकणाऱ्याने एक पथ्य पाळावे. तक्ते आखताना वडीलधाऱ्यांजवळ बसावे. एकच नक्षीची चादर दोन मागांवरून आली तर ती एक वस्तू की दोन? परत आलेला माल पुन्हा साठ्यात येतो की वेगळा ठेवायचा? तोंडी दिलेली सूट कोठे लिहायची? ‘आजोबा, या पार्टीला आपण साठ दिवस का देतो?’ असे विचारले की चाळीस वर्षांमागचा एखादा दुष्काळ आणि त्या वेळी राखलेला शब्द पुढे येतो. ही उत्तरे कोणत्याही पुस्तकात नाहीत, आणि ती देणारी माणसे कायम असणार नाहीत. प्रत्येक उत्तर मराठीत एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. प्रणालीची खरी माहितीपुस्तिका तीच.

प्रणाली तयार झाली तरी वही लगेच बंद करू नये. बँकांचे संगणकीकरण झाले तेव्हा काही काळ जुनी खातेवही आणि संगणक दोन्ही समांतर चालवून रोज ताळा घेतला जाई. पेढीनेही किमान एक पूर्ण महिना तसे करावे. रोजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुकानाबाहेर ठेवावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.

गणित आणि व्यापार यांचे नाते आपल्या परंपरेला नवे नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. लौकिक व्यवहार, व्यापार, स्वयंपाकशास्त्र अशा नाना ठिकाणी गणित कसे उपयोगी पडते, हे त्यांनी आरंभीच सांगितले आहे. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये प्रसिद्ध केला तो सोलापूरच्याच जैन संस्कृति संरक्षक संघाने, जीवराज जैन ग्रंथमालेत. हजार वर्षांपूर्वीचे गणित जपून पुढच्या पिढीच्या हाती देणाऱ्या या नगरीत, आपल्या पेढीच्या चाळीस वर्षांच्या नोंदी कोणालाच उघडता येऊ नयेत, हे शोभणारे नाही.

दिवाळीला नवे चोपडे पूजेला मांडले जातात. त्याआधीचे काही महिने हाताशी धरले, तर पुढच्या वर्षाच्या चोपड्याशेजारी घरच्याच माणसाने केलेली चार तक्त्यांची एक लहान प्रणाली उभी असू शकते. आरंभ मात्र पेन्सिल, कोरा कागद आणि गेल्या आठवड्याची वीस बिले यांनी करावा.