मल्लप्पा आपल्यातला की परका?

आपल्या भाषेची एक गंमत बघा. बाळाचं आपण 'नाव ठेवतो' आणि माणसांना 'नावं ठेवतो'. माढा तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या घरात गेलं जवळजवळ वर्षभर पहिलं काम राहून गेलं होतं आणि दुसरंच जोरात चाललं होतं. त्या घराला विचारूनच आज हे सांगतोय. गाव, आडनाव सांगणार नाही. तुम्हीही ओळखायच्या भानगडीत पडू नका.

सून अक्कलकोट तालुक्यातली, कर्नाटकाच्या शिवेजवळच्या गावातली. तिच्या माहेरी घरात कन्नड आणि बाजारात मराठी. शाळा मराठीच. पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी गेली आणि मुलगा झाला. तिच्या आजोबांचं नाव मल्लप्पा. वडील लवकर गेले, आजोबांनीच तिला वाढवलं. 'पोरीला शिकवून काय करायचं' म्हणणाऱ्या भावकीच्या तोंडावर तिला बारावीपर्यंत शाळेत घातलं. आजोबा आता नाहीत. तिच्या घरात आजा-पणज्याचं नाव पुढच्या पोराला द्यायची रीत आहे, त्यामुळं तिच्या मनात दुसरं नाव आलंच नाही. इकडून नवरा बारशाला निघाला तो 'मल्हार' ठरवून. घराचं कुलदैवत खंडोबा. बारशाच्या दिवशी आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून 'मल्हार' म्हटलं आणि पाळण्याच्या पलीकडून आजीनं 'मल्लप्पा' म्हटलं. घुगऱ्या वाटून झाल्या, बायका गाणी म्हणून घरी गेल्या आणि जन्मनोंदीत नावाची जागा कोरी राहिली.

महिन्याच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आम्ही सगळ्या तिच्या बाजूच्या होतो असं सांगितलं तर ते खोटं होईल. निम्म्या बायका म्हणाल्या, "अगं, मल्हार काय वाईट आहे? किती गोड नाव." नवऱ्याचं म्हणणंही अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. तो म्हणत होता, "ते कानडी नाव झालं. आपल्यात चालत नाही. उद्या पोरगं पुण्याला शिकायला गेलं तर पोरं त्याला आप्पा आप्पा करून चिडवतील." सासूबाईंचं दुखणं वेगळं होतं. "लोक म्हणतील, नातू व्याह्यांनाच वाहिला."

तर 'आपल्यात चालत नाही' या तीन शब्दांकडे आधी बघू.

सोलापुरात चार हुतात्मा चौक आहे. तिथून आपण शेकडो वेळा गेलोय, एसटी गाठायच्या घाईत. १९३० साली सोलापूरच्या लोकांनी इंग्रजांविरुद्ध असा उठाव केला की सरकारला शहरात मार्शल लॉ पुकारावा लागला. त्या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली. जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि मल्लप्पा धनशेट्टी. चार नावं बघा, एकेक नाव वेगळ्या घरातून, वेगळ्या बोलीतून आलेलं. शाळेत असताना आम्ही ही नावं एका दमात म्हणायचो, तेव्हा त्यातलं कुठलंच परकं वाटलं नाही. चौकातला मल्लप्पा आपला. मग पाळण्यातला मल्लप्पा परका का?

हे बैठकीत निघालं तेव्हा जरा वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं सुरुवात केली आणि नावांची रांगच लागली. आमदार म्हणून विधानसभेत गेलेले नरसय्या आडम. गावोगावचे सिद्धाराम, सिद्धेश्वर. ज्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आपण संक्रांतीला पोरांना खांद्यावर घेऊन जातो, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. महात्मा बसवेश्वरांची सुरुवातीची वर्षं आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात गेली, असं मंगळवेढ्याची माणसं अभिमानानं सांगतात. आणि ज्याच्यासाठी आषाढीला आपला सगळा जिल्हा रस्त्यावर येतो त्या विठ्ठलाला तर खुद्द ज्ञानेश्वरांनी कानडा म्हटलंय. आपल्या माढ्यातही विठ्ठलाचं जुनं देऊळ आहे. त्याच्यासमोर हात जोडताना त्याची बोली कुणी विचारत नाही.

रोजचं बोलणंच घ्या. थोरल्या बहिणीला अक्का, थोरल्या भावाला अण्णा, म्हाताऱ्या माणसाला आप्पा. हे शब्द कानडी मुलखातून आपल्याकडे आले आणि असे मुरले की आता कुणाला सांगूनही पटत नाही. ज्या नवऱ्याला 'आप्पा'ची भीती वाटत होती, त्याच्या स्वतःच्या चुलत्याला सगळं गाव आप्पाच म्हणतं. हे त्याच्या बायकोनं बैठकीत सांगितलं आणि आम्ही हसलो. तिला काही हसू आलं नाही.

आता खरी मौज. मल्हार आणि मल्लप्पा ही दोन नावं मुळात दोन नाहीतच. आपला खंडोबा म्हणजे कर्नाटकातला मैलार, मैलारलिंग. तेलंगणात त्याच देवाला मल्लन्ना म्हणतात. त्यानं मणी आणि मल्ल या दैत्यांना मारलं म्हणून तो मल्हारी, अशी आपल्याकडची कथा. श्रीशैलच्या शंकराचं नाव मल्लिकार्जुन, आणि कानडी घरात मल्लिकार्जुनाला मायेनं हाक मारली की त्याचा मल्लप्पा होतो. भक्तांनी हे सगळे देव कधी एकमेकांपासून फार लांब ठेवलेच नाहीत. सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबाला मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी माणसं एकाच रांगेत उभी राहतात. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तर देवानं दोन घरं केलीत. वर्षातले काही महिने तो अणदूरला असतो आणि काही महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला. दोन गावं मिळून देवाची ने-आण करतात. गावाच्या नावातच मैलार आहे बघा.

म्हणजे वर्षभर हे दोघं एकाच देवाच्या दोन नावांवरून भांडत होते. मग भांडण नावाचं नव्हतंच, हे आमच्याही उशिरा लक्षात आलं.

ते लक्षात आलं बँकेच्या पासबुकामुळं. गटाचं कर्ज प्रकरण करताना तिच्या आधार कार्डावर एक नाव निघालं आणि आमच्या गटाच्या वहीत दुसरं. आधार लग्नाआधीचं, त्यावर माहेरचं नाव, 'अम्मा'नं संपणारं. लग्नात मात्र तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं नवऱ्यानं तिचं नवं नाव लिहिलं होतं. छान, मऊ, मालिकेतल्या नायिकेसारखं. तिला कुणी विचारलं नव्हतं. तीही तेव्हा लाजून हसली होती, फोटो आहे. "ते तांदूळ नंतर शिजवून खाल्ले," ती म्हणाली. "माझ्या नावाला कुणी नाव ठेवलं नाही, सरळ पुसूनच टाकलं. आता आजोबांचंबी पुसताय."

आमच्यातल्या किती जणींची अशी दोन-दोन नावं आहेत, ते त्या दिवशी मोजलं. आकडा सांगत नाही, पण त्या मानानं गटात एकनावी बायका कमी निघाल्या. दोन नावांपायी बँकेत घातलेल्या खेपा, भरलेली प्रतिज्ञापत्रं, थांबलेले अनुदानाचे पैसे हे सगळं आम्ही आजवर 'कागदाची कटकट' म्हणून सोसलं. नाव गेल्याचं दुःख म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

तडजोड म्हणून नवऱ्यानं सुचवलं होतं, कागदावर मल्हार, घरात मल्लप्पा. ऐकायला बरं वाटतं. आम्हाला मात्र ते पटलं नाही. घरातलं नाव हाक मारणारी माणसं असेपर्यंतच टिकतं, कागदावरचं नाव पोरगं म्हातारं होईपर्यंत टिकतं. आणि बाईच्या वाट्याला घरातलंच का यावं?

तसं बघितलं तर आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्या मराठी घरांतही जुनीच आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या मुलाचं नाव शिवाजीच होतं, तेच पुढे शाहू महाराज म्हणून ओळखले गेले. खेड्यात तर सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, म्हणून आज्याचं नाव मिळालेलं पोरगं जन्मभर 'आबा' नाहीतर 'बापू' राहायचं. पण तो आजा कायम बापाकडचा. आईकडचा आजा त्या रांगेत सहसा नसतो. कानडी-मराठीचा पडदा बाजूला केला की मागे ही गोष्ट उभी होती.

आता थोडं कायद्याचं, कारण याची माहिती नसल्यानं घरात उगाच घाई आणि रडारड होते. बाळाचा जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवायचा, त्याला पैसे पडत नाहीत. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नावाची जागा कोरी ठेवतात. नोंद बाळ जिथं जन्मलं तिथल्या कार्यालयात होते, आपण राहतो तिथं नाही. माहेरी बाळंतपण झालं असेल तर नाव घालायलाही तिकडंच जावं लागतं, हे पुष्कळ जणी विसरतात. नोंदीपासून १२ महिन्यांत नाव घातलं तर शुल्क नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण लांबवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, वाहन परवाना, पासपोर्ट या सगळ्याला जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो. त्यात एक अक्षर चुकलं तरी ते पुढं सगळीकडं चुकतं.

नाव कुणी द्यायचं? कायदा आई-वडिलांपैकी एकाला झुकतं माप देत नाही. पण दोघांचं एकमत नसेल तर कार्यालयातला माणूस दोघांनाही परत पाठवतो आणि गाडी अडते. केरळात असं झालं. वेगळे राहणारे आई-बाप एका नावावर येईनात, मुलीच्या दाखल्यावर नावच नाही आणि शाळा म्हणते नाव आणा. शेवटी २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं मुलीचं हित बघून नाव ठरवलं. २०२४ च्या डिसेंबरात कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूरच्या न्यायालयात असंच एक जोडपं उभं होतं. तीन वर्षांचं पोरगं, नावावरून संसार मोडायला आलेला. न्यायाधीशांनी समजूत घालून तिसरंच नाव दिलं, जोडप्यानं एकमेकांना हार घातले. बातमी वाचून बरं वाटलं, पण आपल्या लेकराचं नाव न्यायाधीशानं ठेवायचं म्हणजे ती वेळ न आलेलीच बरी.

आणखी एक गोष्ट. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव घालायला लावलंय. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. हे बाळ त्यानंतरचं. म्हणजे त्याच्या नावात आईचं नाव येणारच. पण दोनपैकी कोणतं? तिच्या आधारवर तर माहेरचंच होतं. नवरा म्हणाला, आधार बदलून घे. ती म्हणाली, आधार तेच राहील, गटाच्या वहीतलं बदला. आमच्या सचिवबाईंनी दुसऱ्याच दिवशी तसा अर्ज लिहून घेतला. एवढ्या तत्परतेनं आमचं कुठलंच काम होत नाही.

बाळाच्या नावाची कोंडी मात्र फोडली नवऱ्याच्या आजीनं. वय ऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येतं, म्हणून कुणी तिला विचारलंच नव्हतं. एका संध्याकाळी जेवताना ती नातवाला म्हणाली, "आरं, खंडोबाची म्हाळसा कुणाची? लिंगायत वाण्याची. देवाला सासुरवाडी चालली, आन् तुला नावबी चालंना व्हय?" नातू ताटावरून उठला नाही, पण बोललाही नाही. चार दिवसांनी त्यानंच विचारलं, मल्लप्पाचं पूर्ण नाव काय होतं? आजोबांच्या जुन्या कागदावर 'मल्लिकार्जुन' होतं. ते त्याला पटलं. पंडित मल्लिकार्जुन मन्सूर त्याला ठाऊक होते, म्हणजे नाव पुण्यात चालेल याची खात्री पटली. सासूबाई अजून मल्हारच म्हणतात. म्हणू द्यात, पोरगं दोन्ही हाकांना मान वळवतं.

अकराव्या महिन्यात दोघं तिच्या माहेरच्या नोंदणी कार्यालयात गेले, सोबत आमच्यातल्या दोघी होत्या. दोघांची आधार कार्डं, कोरा दाखला, अर्ज सगळं नीट होतं. मराठी नाव बरोबर लिहिलं गेलं. मग इंग्रजी लिहिताना तिथल्या माणसानं विचारलं, "एल एकदा का दोनदा?" नवरा तिच्याकडं बघायला लागला.

"दोनदा," ती म्हणाली. "आन् माझं नाव लिहिताना एम दोनदा."