ऑक्टोबर हीट कालची नाही

सप्टेंबर संपत येतो, पाऊस ओसरतो, घरोघरचे पंखे पुन्हा पाचवर जातात आणि सोसायटीच्या ग्रुपवर तोच मजकूर फिरू लागतो. शरद ऋतू लागला, 23 सप्टेंबरला दिवस-रात्र समान झाले, तिकडे जगभर थंडीची चाहूल लागली आणि आपल्याकडे मात्र घामाच्या धारा. निसर्गाचं चक्रच बिघडलं, पूर्वी असं नव्हतं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

पूर्वी अगदी असंच होतं. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त, म्हणजे सातव्या शतकाच्या आसपासच्या ग्रंथात, शरदातल्या ऋतुचर्येची सुरुवातच या तक्रारीने होते: पावसाळी गारव्याला सरावलेल्या अंगावर सूर्यकिरण एकाएकी पडतात आणि साठलेलं पित्त उसळतं. तेव्हा ना मोटारी होत्या ना काचेच्या इमारती. कोकणातल्या शेतकऱ्याला तर हे कुणी सांगायलाही नको. चित्रा नक्षत्रातलं ऊन डोक्यावर येण्याआधी कापणी उरकायची म्हणून तो तांबडं फुटताच विळा घेऊन शेतात उतरतो आणि कापलेलं भात त्याच उन्हात वाळत घालतो. त्याची या उन्हाबद्दल तक्रार असली तरी त्याच्याशिवाय त्याचं चालतही नाही. जागतिक तापमानवाढ खरी आहे, तिने एकूण पारा वर नेला आहे, हेही खरं. पण पावसाळ्यानंतर पारा पुन्हा चढतो, त्याचं खापर तिच्यावर फोडता येत नाही.

मग होतं काय? भारतीय हवामान विभागाने 2020 साली मान्सूनच्या तारखा सुधारल्या. त्यांनुसार मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. तो परततो तसं आभाळ मोकळं होतं. ऑगस्टच्या तुलनेत मुंबईला सूर्यप्रकाशाचे सुमारे तिप्पट तास मिळतात. वारा मंदावतो, अधूनमधून पूर्वेकडून जमिनीवरची तापलेली हवा येते आणि समुद्रावरचा गार वारा दुपारी उशिरापर्यंत आत शिरत नाही. जमीन अजून ओली, डबकी भरलेली, त्यामुळे हवेत दमटपणा भरपूर. गच्चीवर टाकलेली चादर तासाभरात कडकडीत वाळते. तीच चादर घालून खाली आलेल्या माणसाच्या पाठीवरचा घाम मात्र जिन्यातल्या सावलीत, पडलेल्या हवेत वाळता वाळत नाही. ऑक्टोबरचं सरासरी कमाल तापमान मे महिन्याच्या आसपास जातं, ऑगस्टपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त. पुण्यात निदान रात्री तरी सुटका होते. मुंबईत तीही धड नाही.

तरीही ‘जगभर थंडी’ म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. ऑक्टोबरच्या मध्यावर भरदुपारी मुंबईतला सूर्य क्षितिजापासून सुमारे 62 अंश वर असतो. लंडनमध्ये 21 जूनला, म्हणजे वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवशी, तो जेमतेम तेवढाच वर येतो. आपला ‘उतरणीला लागलेला’ सूर्य हा त्यांचा ऐन उन्हाळ्यातला सूर्य आहे. मग आपल्याकडे स्वेटर कुठून निघणार?

आणि सूर्य उतरला की गारवा, हे समीकरण इतरत्रही सरळ नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा सर्वात उबदार महिना सप्टेंबर आहे. मे-जूनमध्ये कॅलिफोर्नियाचा आतला भाग तापतो, थंड समुद्रावरचं धुकं आत ओढलं जातं आणि शहर भर जुलैत कुडकुडतं. मुलाकडे गेलेले पुण्याचे आजी-आजोबा अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत गोल्डन गेट पाहायला निघतात आणि वाटेतल्या टपरीवरून जाडजूड हूडी विकत घेऊन परततात. सप्टेंबरात धुकं विरळ होतं तेव्हा कुठे ऊब येते. तीही कमाल 21-22 अंशांची. आर्क्टिकमध्ये सूर्य सर्वाधिक काळ तळपतो जूनमध्ये, पण समुद्रावरचा बर्फ सर्वात कमी होतो सप्टेंबरच्या मध्यावर. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगामही 10 सप्टेंबरच्या आसपास टिपेला पोहोचतो. पाणी तापायला वेळ घेतं आणि निवायलाही.

आता बाकीचे फॉरवर्ड.

दरवर्षी जुलैच्या सुमारास ‘अल्फेलियन’ नावाची आपत्ती येते: पृथ्वी सूर्यापासून 66 टक्के दूर जाणार, ऑगस्ट संपेपर्यंत हाडं गोठवणारी थंडी, सर्दी-ताप, काळजी घ्या. खरा शब्द ॲफेलियन. दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वात दूर असते आणि जानेवारीतल्या अंतरापेक्षा हा फरक तीन टक्क्यांच्या वर फारसा जात नाही. तेव्हा उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो, यातच सगळं आलं. ऋतू होतात ते पृथ्वीच्या अक्षाच्या कलण्यामुळे. हे शाळेत शिकवलेलं असतं!

23 सप्टेंबरला दिवस-रात्र बरोबर बारा-बारा तासांचे? नाही. वातावरणामुळे प्रकाश वाकतो आणि सूर्योदय सूर्याच्या वरच्या कडेवरून मोजला जातो, म्हणून मुंबईत ही बरोबरी जवळपास आठवडाभर उशिरा होते.

पाऊस ऑक्टोबरात देशातून संपतो? चेन्नईकरांना विचारा, त्यांचा मुख्य पाऊस तेव्हा सुरू होतो.

लंडनमध्ये सदा धो-धो? तिथला वर्षभराचा पाऊस सुमारे 600 मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी त्याहून बराच जास्त पडतो. लंडनचा पाऊस रिपरिपतो, एवढंच.

सप्टेंबर म्हणजे सगळीकडे पानगळ? सिडनीत एक तारखेपासून वसंत मोजतात. तिथल्या मराठी मंडळांचे गणपती बहुतेकदा वसंताच्या तोंडावरच बसतात.

आणि पानं लाल होतात ती पहिल्या कडाक्याने नव्हे. दिवस आखूड होऊ लागले की झाड हरितद्रव्य आवरतं घेतं. न गोठणाऱ्या गार रात्री आणि स्वच्छ ऊन असेल तर लाली खुलते. त्यामुळे टोकियोत रंग पाहायला ऑक्टोबरात जाणाऱ्या सहलींची हमखास निराशा होते. शहरातली झाडं तिथे नोव्हेंबरच्या शेवटी रंगतात. उलट सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे टोकियोचे सर्वाधिक पावसाचे महिने, वर वादळांचा धोका. तिकीट काढलंच असेल तर कॅमेऱ्याआधी छत्री भरावी.