पगारवाढीचा आकडा आणि आपला पगार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्च-एप्रिल आला की ‘यंदा सरासरी पगारवाढ इतके टक्के’ अशा बातम्या झळकू लागतात. त्या वाचून कुणी हिरमुसतो, तर कुणी थेट साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहतो. त्याआधी तो आकडा कुणाच्या पगाराचा आहे, हे पाहायला हवं.

गैरसमज : पगाराची पाहणी म्हणजे सगळ्या नोकरदारांचं चित्र.
वस्तुस्थिती : सल्लागार कंपन्यांच्या पाहण्यांत माहिती असते ती सहभागी झालेल्या कंपन्यांची, आणि त्या बहुतेक संघटित क्षेत्रातल्या असतात. ठेकेदारामार्फत आलेला सुरक्षारक्षक किंवा सफाई कामगार त्याच इमारतीत राबतो, पण कंपनीच्या पटावर नसतो. म्हणून सहसा पाहणीतही नसतो. केंद्र सरकारची 2017मध्ये सुरू झालेली नियतकालिक श्रमबल पाहणी मात्र घरोघरी जाऊन माहिती घेते. तिच्यात पगारदार, रोजंदार मजूर आणि स्वयंरोजगार करणारे अशा तिघांचीही कमाई नोंदवली जाते. म्हणूनच दोन पाहण्यांचे आकडे जुळत नाहीत.

गैरसमज : सरासरी पगार म्हणजे बहुतेकांना मिळणारा पगार.
वस्तुस्थिती : समजा, एका कार्यालयात चौघांना 18, 20, 22 आणि 25 हजार मिळतात आणि व्यवस्थापकाला 2 लाख 15 हजार. सरासरी निघते 60 हजार, पण तेवढा पगार तिथे एकालाही नाही! पगार चढत्या क्रमाने मांडले तर मधोमध येतात 22 हजार. हा मध्यक. आपण कुठे आहोत हे कळण्यासाठी आधी मध्यक शोधावा.

गैरसमज : ‘सीटीसी’ म्हणजेच पगार.
वस्तुस्थिती : सीटीसी हा कंपनीला आपल्यापोटी येणारा खर्च. वर्षाला 7 लाख 20 हजार, म्हणजे महिन्याला 60 हजार सीटीसी आणि त्यात मूळ वेतन 30 हजार धरू. कंपनीने त्या मूळ वेतनावर 12 टक्के पीएफ आणि 4.81 टक्के ग्रॅच्युइटी सीटीसीतच मोजली, तर तिथेच पाच हजारांहून अधिक कमी होतात. मग आपल्या वाट्याचा 12 टक्के पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातो. हातात उरतात साधारण 51 हजार. पीएफ आपलाच असतो, पण त्यातून घरभाडं देता येत नाही. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत सहसा पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हाती येते.

गैरसमज : आठ टक्के वाढ मिळाली, म्हणजे आठ टक्क्यांनी सुधारलो.
वस्तुस्थिती : महागाई सहा टक्के असेल, तर खरी वाढ जेमतेम दोन टक्के. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असतो. खासगी नोकरीत बहुतेकांना असं संरक्षण नसतं.

गैरसमज : सुविधा म्हणजे मालकाचा मोठेपणा.
वस्तुस्थिती : 20 किंवा अधिक कर्मचारी असले की पीएफचा कायदा लागू होतो. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेतल्या आस्थापनेत 21 हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना विमा संरक्षण मिळतं. पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, ही तरतूद 2017च्या दुरुस्तीने आली. हे हक्क आहेत. गटविमा, घरून काम, कंपनीची बस यांची तुलना त्यांच्यानंतर करावी.

पाहणीचा आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारा : कुणाला मोजलं? सरासरी की मध्यक? हातातला पगार की सीटीसी? मग आपलं पद, शहर आणि अनुभव यांच्याशी जुळणारी ओळ शोधा आणि ती घेऊन केबिनमध्ये जा. आणि ठेकेदाराकडून आलेल्या सफाई कामगार ताईंचा पीएफ भरला जातो का, तेही एकदा विचारा. त्यांच्या पगाराची बातमी कुठल्याच पाहणीच्या मथळ्यात येत नाही.