जॅक किती टनांचा? चौकट किती टनांची?

चिपळूण मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. गाड्या दुरुस्त करणारी गॅरेजेस आलीच. घट्ट बसलेले बेअरिंग काढायला तेथे भंगारातील लोखंडी चॅनेल जोडून, बॉटल जॅकवर चालणारा प्रेस करता येतो.

समजा, जॅकच्या लहान दट्ट्याचा व्यास १ सें.मी. व मोठ्याचा ३ सें.मी. आहे. म्हणजे मोठ्याचे क्षेत्रफळ नऊपट. पास्कलच्या नियमाप्रमाणे तेलातील दाब सगळीकडे सारखाच, म्हणून जोरही नऊपट. दांड्याच्या तरफेने तो आणखी वीसपट होतो. घर्षण सोडल्यास हाताचा २० किलोंचा जोर ३,६०० किलोंचा होतो! मात्र हे फुकट नाही: लहान दट्ट्या ९ मि.मी. सरकला, तर मोठा १ मि.मी.च सरकतो.

आता न्यूटनचा तिसरा नियम आठवा. बेअरिंग जितक्या जोराने दाबले जाते, तितक्याच जोराने वरची तुळई वर ढकलली जाते. दोन्ही खांबांवर प्रत्येकी १,८०० किलोंचा ताण येतो. म्हणून येथे ओतीव लोखंड चालत नाही. ते ताणाखाली पूर्वसूचना न देता तुटते. गंजलेला चॅनेल आणि कच्चे वेल्डिंगही तितकेच धोक्याचे.

वर्गात २ व २० मि.लि.च्या बिनसुईच्या सिरिंज पाणी भरून नळीने जोडा. मोठी पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवा आणि लहान दाबा. आधी काय वाकते, ते विद्यार्थ्यांनाच पाहू द्या.