ऊन असताना मिल का थांबली?

वाशीम जिल्ह्यात हंगाम सुरू झाला की जिनिंग आणि डाळ मिलचे आवाज ऐकू येऊ लागतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत त्यात तिसरा आवाज मिसळला, डिझेल जनरेटरचा. लाईन गेली की मिलमागच्या शेडमध्ये तो धडधडू लागे आणि शेजारच्या दोरीवरची धुणी काळी होत.

माझ्या एका मित्राची डाळ मिल आहे. त्याने मिलच्या पत्र्यावर सौर पॅनेल बसवले, ते वीज कंपनीच्या लाईनला जोडले आणि मला म्हणाला, ‘‘भाई, आता हा जनरेटर भंगारात देतो.’’ आठवडाभरात भर दुपारी लाईन गेली. मिल ठप्प. हमाल पोत्यांवर बसून राहिले. ‘‘अरे, एवढं ऊन पडलं अन् मिल बंद?’’ मित्र वैतागला.

उत्तर दिले ते वायरमनने. ‘‘शेठ, लाईन गेली का हे बी बंद होते. तसंच बनोलं हाये. नाही तं खांबावर चढलेला आमचा मानूस मरन ना!’’

मी काही इंजिनिअर नाही, पण हे वाक्य मनात रुतले. मग चौकशी केली. पॅनेलची वीज थेट मोटारीला चालत नाही. इन्व्हर्टर ती बदलून लाईनच्या विजेशी जुळवून घेतो. लाईन मेली की हा इन्व्हर्टर एक-दोन सेकंदांत स्वतःला बंद करतो. तसे झाले नाही, तर मिलची वीज उलटी तारेत शिरेल आणि तार मेली आहे असे समजून हात लावणाऱ्याचा जीव जाईल.

मग सौर विजेचा फायदा काय? फायदा आहे आणि मोठा आहे. एक लिटर डिझेलमधून साधारण ३ ते ३.५ युनिट वीज मिळते. डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर नुसत्या इंधनाचा खर्चच युनिटमागे २५ ते ३० रुपये. उलट एक किलोवॉटचे पॅनेल साधारण १०० चौरस फूट जागेत बसते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिट देते, इंधनाशिवाय. राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये केले, २०१९ मध्ये नवे आणले. त्यामुळे मिल बंद असते त्या दिवसांतली जादा वीज लाईनवर जाते आणि बिलात वळती होते. ज्यांची मिल हंगामीच चालते, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

म्हणजे सौर वीज बिल कमी करते. लाईन गेल्यावरचे काम मात्र वेगळे आहे आणि त्यासाठी वेगळी सोय लागते. एक सोय बॅटरीची. दिवे, संगणक, वजनकाटा तिच्यावर चालतात, पण मिलच्या मोठ्या मोटारी सुरू होतानाच इतका करंट ओढतात की त्यांच्यासाठी बॅटरी फार महाग पडते. दुसरी सोय, जनरेटर ठेवून त्याला सौर यंत्रणेशी कंट्रोलरने जोडायचे. लाईन गेली की जनरेटर सुरू होतो, इन्व्हर्टर त्याच्याशी जुळवून घेतो आणि दिवसा बराचसा भार पॅनेल उचलतात. डिझेल कमी जळते. फक्त जनरेटरवर निदान ३० टक्के भार राहू द्यावा लागतो, नाहीतर इंजिन खराब होते.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथील कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या एकूण १९ मेगावॉटच्या पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पण झाले. ते प्रकल्प शेतीच्या विजेसाठी आहेत. तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या टपरीवरही सौर विजेच्या गप्पा निघतात. कारखानदारांनी या गप्पांत एक प्रश्न विसरू नये. करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा, ‘लाईन गेल्यावर माझे काय काय चालेल?’ उत्तर लेखी घ्या. जनरेटर वर्षात किती तास चालला, त्याची नोंदही काढा.

मित्राने जनरेटर विकला नाही, कंट्रोलर बसवून घेतला. त्या दुपारी हमालांची अर्धी रोजी बुडाली होती. ती त्याने आठवणीने भरून दिली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)