शॉकअप बदलायचा की बांधायचा?

जीप, थार, जिप्सी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसाठी हातचा जोडधंदा

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गॅरेजांत जीप, थार, जिप्सी आणि गुरखा यांची रांग लागते. गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली असते. गाडी उड्या मारते, खड्ड्यात आदळते, वळणावर झुलते. मिस्त्री खाली वाकून बघतो. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेले दिसते आणि तो सांगून टाकतो, "शॉकअप गेले, बदलून टाका." पुष्कळदा हे उत्तर बरोबर असते. पण नेहमीच नसते. खडतर रस्त्यांसाठी मिळणारे भारी किमतीचे शॉकअप मुळात खोलून पुन्हा बांधता यावेत असेच बनवलेले असतात. मालकाला हे माहीत नसते आणि आपल्याकडच्या बहुतेक मिस्त्रींनाही नसते. मग चांगला माल भंगारात जातो, नाही तर बांधणीसाठी दूरच्या शहरात पाठवला जातो आणि ती मजुरी आपल्या हातून निसटते.

याच्या उलट टोकाचा प्रकारही चालतो. बंद शॉकअपला ड्रिलने भोक पाडायचे, आत मिळेल ते तेल ओतायचे, वेल्डिंगने भोक बुजवायचे, वरून काळा रंग मारायचा आणि 'रिपेअर केलेला' म्हणून बसवून द्यायचा. असा शॉकअप दुकानाच्या दारात बरा वाटतो आणि पहिल्याच घाटात हात वर करतो. गिऱ्हाइकाचा जीव धोक्यात येतो आणि कारागिराचे नाव जाते. म्हणून कोणता शॉकअप निवडायचा, कोणता बांधायचा आणि कोणत्याला हातच लावायचा नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

शॉकअपचे काम काय?

गाडीचे वजन शॉकअप उचलत नाही. ते काम पाट्यांचे किंवा कॉइल स्प्रिंगचे. जुन्या महिंद्रा जीपला आणि मारुती जिप्सीला चारही चाकांवर पाटे होते. २०१० साली आलेल्या थारच्या सीआरडीई गाडीला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. २०२० च्या थारमध्ये मागेही कॉइल स्प्रिंग आली. स्प्रिंग दबली की ती उसळणार, उसळली की पुन्हा दबणार. ही उसळी आवरण्याचे काम शॉकअपचे.

आत एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, तेलात वर-खाली होतो. पिस्टनला भोके असतात आणि त्या भोकांवर पातळ पोलादी चकत्या बसवलेल्या असतात. त्यांना शिम म्हणतात. तेल या चकत्या वाकवून पलीकडे जाते. त्यात ताकद खर्च होते आणि तिची उष्णता बनते. खडकाळ वाटेवरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर चटका बसतो तो यामुळेच. तेल फार तापले की पातळ होते, त्यात फेस झाला की पकड सुटते. गाडी सकाळी ठीक असते आणि दुपारी झुलू लागते, त्याचे कारण बहुधा हेच.

दोन घराणी

शॉकअपची मुख्य दोन घराणी आहेत. पहिले दुहेरी नळीचे. आतल्या नळीत पिस्टन चालतो आणि बाहेरच्या नळीत जादा तेल व वर थोडी हवा किंवा कमी दाबाचा वायू असतो. कंपनीतून गाडीबरोबर येणारे बहुतेक शॉकअप या जातीचे असतात. ते स्वस्त असतात, बाहेरून थोडी चेप बसली तरी चालत राहतात. पण ते उलटे बसवता येत नाहीत आणि तोंड दाबून किंवा वेल्ड करून कायमचे बंद केलेले असतात. असा शॉकअप गेला की बदलायचाच. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या देशी कंपन्यांचा माल मिळतो, त्यामुळे यात अडचण नाही.

दुसरे एकेरी नळीचे. यात एकाच नळीत तेल आणि मोठ्या दाबाचा नायट्रोजन असतो. दोघांच्या मध्ये एक तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे वायू तेलात मिसळत नाही आणि फेस होत नाही. नळीला थेट वारा लागतो, म्हणून तो लवकर निवतो. काहींना बाजूला वेगळी टाकी जोडलेली असते. तेल जास्त म्हणजे तापायला वेळ जास्त. मात्र नळीला दगडाची चेप बसली तर पिस्टन अडकतो. या जातीच्या शॉकअपचे डोके सर्कलिपने किंवा आट्यांनी बसवलेले असेल आणि वायू भरायला व्हॉल्व्ह असेल, तर तो बांधता येतो. ही दोन्ही चिन्हे नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

गेला की नाही, हे कसे ओळखावे?

रॉडजवळ तेलाची पुसट ओल असेल तर घाबरू नये. तेल ओघळून खाली धूळ चिकटून चिखल झाला असेल तर सील गेले. बंपर दाबून गाडी हलवण्याची परीक्षा कडक पाट्यांच्या जीपवर फारशी उपयोगी पडत नाही. त्याऐवजी गाडी खराब रस्त्यावर दोन-चार किलोमीटर चालवावी आणि एकाच धुरीवरच्या दोन्ही शॉकअपना जपून हात लावून पाहावा. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला काम करत नाही. टायरवर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज असेल तर तीही खूण आहे. मात्र आधी बुश पाहून घ्यावेत. पुष्कळदा 'शॉकअपचा आवाज' हा सुट्या झालेल्या रबरी बुशचा असतो आणि काम थोडक्यात निभावते.

निवडताना काय पाहावे?

पहिला प्रश्न किमतीचा नाही, मापाचा आहे. पूर्ण दबलेली लांबी, पूर्ण ताणलेली लांबी आणि दोन्ही टोकांची पकड, म्हणजे डोळा आहे की खुंटी, ही तीन मापे गाडीवरच घ्यावीत. एक चाक उंचवट्यावर चढवून पाहावे. चाक वर जाताना आधी रबरी बंप-स्टॉप टेकला पाहिजे, शॉकअप नव्हे. शॉकअप आत आपटला तर तो तरी फुटेल किंवा त्याची पकड चेसिसवरून उखडेल. चाक लोंबताना ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हेही पाहावे.

दुसरा प्रश्न वजनाचा. लोखंडी बंपर, विंच, छतावरचा कॅरियर यांनी वजन वाढते. कडक स्प्रिंग घातली की तिची उसळीही जोरात येते आणि ती आवरायला वरच्या दिशेची रोख, म्हणजे रिबाउंड, वाढवावी लागते. वडापची जीप रोज भरलेली असते, तर शौकाची थार बहुतेक रिकामी. दोघांना एकच शॉकअप चालत नाही. गिऱ्हाइकाला 'सर्वांत कडक' विकू नका, त्याच्या वापराचे विका.

तिसरा प्रश्न तिरकेपणाचा. जागा नाही म्हणून काही जण पकड सरकवून शॉकअप आडवा करतात. उभ्यापासून तो ३० अंश कलला की चाकावरचा त्याचा परिणाम पाऊणपट राहतो आणि ४५ अंशांवर निम्मा. भारी माल घेऊन निम्मे काम करून घेण्यात शहाणपण नाही.

बांधणीची रीत

गाडीवरून काढलेला शॉकअप आधी बाहेरून स्वच्छ धुवावा. जांभ्याची लाल माती एकदा आत गेली की नवे सीलही टिकत नाही. डोळ्याला चष्मा लावून व्हॉल्व्हमधून वायू हळूहळू सोडावा. दाब शून्य झाल्याची खात्री झाल्याशिवाय सर्कलिपला हात लावू नये. मग डोके थोडे आत दाबून सर्कलिप काढावी आणि रॉड सरळ बाहेर ओढावा.

पिस्टनचा नट सोडल्यावर शिम ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवाव्यात आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. एक चकती मागे-पुढे झाली तरी शॉकअपचा स्वभाव बदलतो. पिस्टन उलटा बसला तर दाबाची रोख उसळीला आणि उसळीची दाबाला लागते.

आता खरी तपासणी. रॉडवर नख फिरवावे. नख अडकले तर नवे सील घालून काही उपयोग नाही, आठ दिवसांत पुन्हा गळणार. खाऱ्या हवेत क्रोमखाली गंज धरतो, त्यामुळे किनारपट्टीच्या गाड्यांत हे नेहमीचे आहे. पॉलिश पेपरने घासून खड्डा जात नाही, उलट तेलाला वाट मिळते. रॉड व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने वाक पाहावा आणि वाकलेला रॉड ठोकून सरळ करू नये. येथे लेथवाल्या बांधवांना काम आहे. हायड्रॉलिक सिलिंडरसाठी मिळणाऱ्या हार्ड क्रोमच्या सळीतून मापाचा रॉड बनवता येतो. साध्या एमएसच्या सळीतून मात्र बनवू नये.

नळीत उभे ओरखडे नसतील तर सर्व ओ-रिंग, मुख्य सील, धूळ अडवणारा वायपर आणि पिस्टनची पट्टी नवी घालावी. साधे नायट्राइल सील सामान्य वापराला पुरते. फार तापणाऱ्या गाडीला व्हिटॉन बरे. तेल शॉकअपचेच हवे. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल चालत नाही, ब्रेक ऑइलने तर रबर फुगते. डब्यावरचा '५' किंवा '१०' हा आकडा दोन कंपन्यांत सारखा असेलच असे नाही, म्हणून एक तेल पकडावे आणि तेच वापरावे.

तरंगता पिस्टन कंपनीने दिलेल्या खोलीवर बसवून तेल भरावे. रॉड सावकाश वर-खाली करून बुडबुडे निघू द्यावेत. घाईने ओढला तर हवा आत खेचली जाते. मग नायट्रोजन भरावा. दाब कंपनीच्या आकड्याप्रमाणे ठेवावा. टाकीवाल्या शॉकअपना तो साधारण १५० ते २०० पीएसआय असतो. २०० पीएसआयला २२ मिलिमीटरच्या रॉडवर सुमारे ५३ किलोचा जोर येतो, म्हणून रॉडच्या समोर तोंड आणू नये. भरल्यावर शॉकअप रात्रभर कोऱ्या कागदावर आडवा ठेवावा. सकाळी कागद कोरा असेल तर काम झाले.

बसवताना बुशचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लोंबत्या चाकावर कसलेले रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. एका धुरीवरचे दोन्ही शॉकअप एकदमच बांधावेत किंवा बदलावेत.

तीन गोष्टी कधीही करू नयेत

पहिली, नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन भरणे. गॅस वेल्डिंगचे सिलिंडर प्रत्येक गॅरेजमध्ये शेजारीच उभे असते आणि मोह होतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. कॉम्प्रेसरची हवाही चालत नाही, कारण तिच्यात पाण्याचा अंश असतो.

दुसरी, रेग्युलेटरशिवाय नायट्रोजनचे सिलिंडर जोडणे. भरलेल्या सिलिंडरमध्ये दोन हजार पीएसआयच्या आसपास दाब असतो. तो सरळ टाकीत गेला तर टाकी फुटते.

तिसरी, वायूने भरलेल्या बंद शॉकअपला वेल्डिंग करणे किंवा तो कापणे. आतला दाब आणि तापलेले तेल दोन्ही अंगावर येतात.

धंद्याचा हिशेब

भांडवल फार नाही. नायट्रोजनचे सिलिंडर, चांगला रेग्युलेटर, भरण्याचे मीटर, व्ही-ब्लॉक, डायल गेज, व्हाइससाठी मऊ जबडे आणि स्वच्छ टेबल एवढे पुरे. टायरच्या दुकानातल्या नायट्रोजन यंत्राचा दाब सहसा या कामाला पुरत नाही. सर्वांत मोठे भांडवल म्हणजे स्वच्छता. ज्या टेबलावर क्लच प्लेट घासली जाते, त्यावर शॉकअप बांधू नये.

गिऱ्हाईक आहे. गोव्यात २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंजची स्पर्धा सुरू झाली आणि पावसात चिखल तुडवणाऱ्या गाड्यांचा शौक आपल्या भागातही पसरला. या गाड्यांच्या शॉकअपची सील चिखलाने लवकर जातात. मालकाला नव्याच्या किमतीचा आणि बांधणीच्या खर्चाचा फरक कागदावर दाखवावा. बांधणीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून पुढे जात असेल तर 'नवा घ्या' असे आपणच सांगावे. तो माणूस पुढच्या वेळी दोन मित्र घेऊन येईल.

बिलावर कोणते सील, कोणते तेल, किती दाब हे लिहावे आणि काढलेले जुने सील पुडीत बांधून परत द्यावे. बांधलेला शॉकअप नवा म्हणून विकू नये. ग्राहक संरक्षण कायदा तर आहेच, पण त्याआधी आपल्या शब्दाची किंमत आहे. गाडी उंच करून देण्याच्या मागणीबाबतही सावध असावे. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात सांगितले आहे. त्याच मापाचा शॉकअप बांधणे वेगळे आणि गाडीची उंची बदलणे वेगळे, हे गिऱ्हाइकाला आधीच समजावून द्यावे.

घाटात उतरणाऱ्या गाडीत कुणाचे तरी कुटुंब बसलेले असते. ती गाडी वळणावर सरळ राहिली तर त्यात आपल्या हातचे काम असते, आणि ते कुणाला दिसत नाही. पण पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी आपल्याच दारात येऊन उभी राहते. कारागिराला यापेक्षा मोठी पावती कोणती?