गार्डन व्हिलेज : शेतजमिनीवरच्या नव्या गावांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गार्डन व्हिलेज म्हणजे इंग्लंडच्या ग्रामीण भागात, बहुधा शेतजमिनीवर, एकसंध आराखड्यानुसार वसवायचे नवे गाव. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारने अशा १४ प्रस्तावांना पाठिंबा जाहीर केला. प्रत्येक गावात १,५०० ते १०,००० घरे अपेक्षित होती.

सरकारच्या यादीत नाव आले की बांधकामाला परवानगी मिळाली, हा सर्वांत घातक गैरसमज आहे, कारण त्यामुळे गावकरी लढाई सुरू होण्याआधीच हार मानतात. २०१७ च्या घोषणेतून या १४ गावांना मिळून ६० लाख पौंडांचा निधी मिळाला, तोही पूर्वतयारीसाठी. बांधकामाचा हक्क १९४७ च्या नगररचना कायद्यापासून परवानगीवर अवलंबून आहे. सर्वसाधारणपणे ती जागा आधी स्थानिक परिषदेच्या विकास आराखड्यात यावी लागते आणि स्वतंत्र निरीक्षक तो आराखडा जाहीर सुनावणीत तपासतो. त्यानंतर ढोबळ परवानगी मिळते आणि शेवटी रस्ते, इमारती, झाडे यांच्या तपशिलाला मंजुरी मिळते. एसेक्समध्ये तीन परिषदांनी मिळून तीन मोठ्या वसाहती योजल्या होत्या. मे २०२० मध्ये निरीक्षकाने त्यांपैकी दोन व्यवहार्य नसल्याचा निर्वाळा दिला आणि एकच उरली. त्याच वर्षी शेजारच्या अटल्सफर्ड परिषदेला आपला संपूर्ण आराखडाच मागे घ्यावा लागला. वाहतुकीचे नियोजन आणि खर्चाचे हिशेब यांवर पुराव्यानिशी घेतलेली हरकत आराखड्याच्या सुनावणीच्या टप्प्यावर खरोखर परिणाम करते. परवानगी मिळाल्यानंतरच्या मोर्चाला तेवढे बळ उरत नाही.

शेत हिरवे दिसते म्हणून ते 'ग्रीन बेल्ट'मध्ये मोडते, असेही अनेकांना वाटते. ग्रीन बेल्ट हे ठरावीक शहरांची बेसुमार वाढ रोखण्यासाठी आखलेले धोरणात्मक क्षेत्र आहे. त्याने इंग्लंडची सुमारे एक अष्टमांश जमीन व्यापली आहे. जमिनीच्या कसाशी त्याचा संबंध नाही. कसासाठी वेगळी प्रतवारी आहे. तिच्यात १, २ आणि ३-अ या प्रती उत्तम मानल्या जातात. शक्यतो हलकी जमीन निवडावी असे धोरण सांगते, पण उत्तम जमिनीवर बांधकामाला सरसकट बंदी नाही.

निसर्गाबाबत दोन्ही बाजूंनी टोकाचे बोलले जाते. रासायनिक शेतीच्या एकपिकी शेतात जैवविविधता मुळातच कमी असू शकते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना किमान १० टक्के जैवविविधता वाढवून ती ३० वर्षे टिकवणे बंधनकारक आहे. मात्र उघड्या शेतात जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलाला परसबागेचा काही उपयोग नाही.

'गार्डन' या नावाचा अर्थ भरपूर झाडे एवढाच घेतला जातो, आणि इथेच मूळ कल्पनेवर मोठा अन्याय होतो. ब्रिटिश नगररचना विचारवंत एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये ती मांडली, तेव्हा ६,००० एकरांपैकी केवळ १,००० एकरांवर नगर आणि उरलेल्या ५,००० एकरांवर शेती असा त्यांचा हिशेब होता. एकूण लोकसंख्या होती ३२,०००. खरा गाभा मालकीचा होता. जमीन सामूहिक विश्वस्तांकडे राहावी आणि नगर वाढल्याने चढलेली किंमत भाड्याच्या रूपाने नगरालाच परत मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या कल्पनेनुसार १९०३ मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडमधील लेचवर्थमध्ये मालमत्तेचे उत्पन्न आजही एका धर्मादाय संस्थेमार्फत गावासाठी खर्च होते.

आजच्या गार्डन व्हिलेजला अशी मालकी ठेवण्याची सक्ती नाही. अनेकदा विकासक आधीच जमीनमालकाशी खरेदीच्या हक्काचा करार करून ठेवतो. शेतजमिनीला परवानगी मिळताच किंमत अनेक पटींनी चढते. त्यातला शाळा, रस्ते, दवाखाना आणि परवडणारी घरे यांसाठीचा वाटा मुख्यतः १९९० च्या नगररचना कायद्यातील कलम १०६ खालच्या कराराने ठरतो. प्रकल्प परवडत नाही असे दाखवून विकासक तो वाटा कमी करून मागू शकतो. म्हणून प्रस्तावित गावाची पारख करताना रंगीत नकाशांपेक्षा हा करार आणि त्यामागचे हिशेब आधी वाचावेत.